तीन बाटल्या, एकच बॅच नंबर

तीन वेगवेगळी रसायनं, तीन बाटल्या आणि तिन्हींच्या लेबलवर बॅच नंबर, म्हणजे एका वेळी तयार झालेल्या मालाचा क्रमांक, मात्र एकच. हे माझ्या लक्षात यायला सात महिने लागले. बाटल्या आल्या त्याच दिवशी लेबलं नीट वाचली असती, तर हे लिहायची वेळ आली नसती.

मी शाळेत विज्ञान शिकवते. नववी-दहावीच्या मुलांसाठी वर्षातून एकदा ‘गुन्ह्याचा तपास’ असा दोन दिवसांचा उपक्रम असतो. त्यासाठी लागणारं बरंचसं साहित्य प्रयोगशाळेत असतंच. अडतं ते तीन नावांवर: कागदावरचे ठसे उठवायला निनहायड्रिन, अंधारात चमकणाऱ्या प्रयोगासाठी ल्युमिनॉल आणि सिल्व्हर नायट्रेट. तिन्ही लागतात चिमूटभर आणि तीही वर्षातून एकदा. नेहमीचे पुरवठादार द्यायचे तो सर्वांत छोटा पॅकही आम्हाला दहा वर्षं पुरला असता. वर ‘कशासाठी हवंय’ याचं पत्र, मुख्याध्यापकांची सही आणि काही आठवड्यांचं थांबणं. तेव्हा या सगळ्याचा मला कंटाळा यायचा. आता वाटतं, जो इतके प्रश्न विचारतो त्याच्याकडूनच घ्यावं.

अशा वेळी एका विक्रेत्याचा फोन आला. ‘मॅडम, शाळांसाठी छोटा संच आहे आपल्याकडे. पाच-पाच ग्रॅमच्या बाटल्या, एकदम फॉरेन्सिक ग्रेड.’ हा शब्द ऐकून मी खूश झाले, हे कबूल करते. खरं तर शुद्धतेबद्दल तो काहीच सांगत नाही. बाटलीवर एलआर (लॅबोरेटरी रिएजंट, नेहमीच्या प्रयोगांपुरतं शुद्ध) किंवा एआर (अ‍ॅनालिटिकल रिएजंट, त्याहून शुद्ध) असतं किंवा सरळ टक्केवारी दिलेली असते. ‘फॉरेन्सिक ग्रेड’ म्हणजे काय, हे मी त्याला विचारलंच नाही. पैसे आगाऊ मागितले, तेही देऊन टाकले.

संच वेळेवर आला. बाटल्या सीलबंद, लेबलं कोरी करकरीत. मी त्या कपाटात ठेवल्या आणि विसरून गेले, कारण उपक्रम सात महिन्यांनी होता. या धंद्याची मेख इथेच आहे. रोज लागणाऱ्या आम्लात कुणी भेसळ केली तर आठवड्याभरात बोंब होईल. क्वचित लागणारं रसायन मात्र महिनोन्‌महिने सील न फोडता पडून राहतं. सील फुटेपर्यंत तक्रारीची मुदत संपलेली असते आणि रसायन आपल्याकडेच खराब झालं नाही, हे सिद्ध करायची जबाबदारी आपल्यावर येते.

उपक्रमाचा दिवस उजाडला. वर्गाचे पडदे लावले, दाराच्या फटीत कापड कोंबलं, चाळीस मुलं श्वास रोखून उभी. १९३७ साली वॉल्टर श्पेश्ट या जर्मन संशोधकाने रक्ताचे डाग शोधायला ल्युमिनॉल कसं वापरलं, ही गोष्ट मी रंगवून सांगितली. आम्ही रक्त वापरत नाही, त्याऐवजी फरशीच्या तुकड्यावर पोटॅशियम फेरिसायनाइडचे थेंब टाकून ठेवतो. त्यावर ल्युमिनॉल, सोडा आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांचं द्रावण फवारलं की निळा उजेड पडायला हवा. फवारलं. काही नाही. पुन्हा फवारलं. मिट्ट काळोख. मागून एका पोराचा आवाज आला, ‘मॅडम, गुन्हेगाराने पुसून टाकलं असेल.’ सगळे हसले, मीही हसले. पोटात मात्र खड्डा पडला होता.

आधी संशय गेला पेरॉक्साइडवर. ते बाटलीतल्या बाटलीत विघटित होऊन निव्वळ पाणी उरतं आणि बाहेरून काही कळत नाही. पण थोड्या पेरॉक्साइडमध्ये चिमूटभर मँगनीज डायऑक्साइड टाकल्यावर भराभर फेस आला, म्हणजे ते ठणठणीत होतं. मग ल्युमिनॉलची पावडर साध्या पाण्यात टाकून पाहिली. मिठासारखी विरघळली. ल्युमिनॉल साध्या पाण्यात जेमतेम विरघळतं, त्याला अल्कली लागतं. त्याचा सोडियम क्षार मात्र सहज विरघळतो, त्यामुळे तेवढ्यावरून चोर म्हणता येईना. पण सोडियम क्षार असता तर चमकला तरी असता.

निनहायड्रिनची बाटली उघडली तर आत गुलाबीसर गुठळ्या. हे रसायन पांढरट किंवा फिकट पिवळसर असतं. १९१० साली रुहेमान या रसायनशास्त्रज्ञांनी ते शोधलं. घामातल्या अमिनो आम्लांशी त्याची गाठ पडली की जांभळा रंग येतो, त्याला त्यांचंच नाव आहे. कागदावरच्या ठशांसाठी त्याचा वापर सुरू झाला तो १९५४ पासून. आमच्या कागदावर दुसऱ्या दिवशीही उठला तो एक मळकट डाग. ठसा म्हणावा असं त्यात काही नव्हतं.

विक्रेत्याला फोन केला. तो अजिबात गडबडला नाही. उलट शांतपणे विचारलं, ‘मॅडम, बाटली कुठे ठेवली होती?’ मी कपाट उघडून पाहिलं आणि गप्प झाले. निनहायड्रिनच्या अगदी शेजारी अमोनियाची बाटली होती, झाकण जरा ढिलंच. अमोनियाच्या वाफेनेही निनहायड्रिनला रंग चढतो. हे मी स्वतः मुलांना शिकवते! ‘मग बघा,’ तो म्हणाला, ‘माल आमच्याकडून चांगलाच गेला होता. साठवण तुमची चुकली.’ ल्युमिनॉलबद्दलही त्याचं तेच, उजेड लागला असेल, ओल लागली असेल. सात महिन्यांत मी त्या बाटल्यांकडे एकदाही पाहिलं नव्हतं. काय बोलणार?

दोन दिवस मी स्वतःलाच दोष देत होते. तिसऱ्या दिवशी आमचे प्रयोगशाळा सहायक म्हणाले, ‘बाई, सिल्व्हर नायट्रेट राहिलंय की तपासायचं.’ ते तर मिठाच्या पाण्यात टाकल्यावर दह्यासारखं पांढरं फुटलं होतं, म्हणून मी ते चांगलं धरून चालले होते. त्यांनी पावडर तारेवर घेऊन ज्योतीत धरली. ज्योत भगभगीत पिवळी झाली. पिवळा म्हणजे सोडियम. पण सोडियमचा अंश नुसता बोटाला लागलेला असला तरी ज्योत पिवळी होते, म्हणून त्यावरही मी विश्वास ठेवला नाही.

वजन मात्र खोटं बोलत नाही. शुद्ध सिल्व्हर नायट्रेट १.७० ग्रॅम घेतलं, त्यात मीठ जास्तच टाकलं आणि खाली बसलेला सिल्व्हर क्लोराइडचा साका गाळून, धुऊन, अंधारात वाळवून तोलला, तर तो १.४३ ग्रॅम भरायला हवा. आमचा भरला ०.८५. पुन्हा केलं, ०.८७. म्हणजे जेमतेम साठ टक्के माल, बाकी भर. अंदाज सोडियम नायट्रेटचा. तेही पांढरं, तेही पाण्यात पटकन विरघळणारं, आणि भावात जमीन-अस्मानाचा फरक. साठवण कितीही चुकली, उजेडाने पावडर काळी पडली, तरी चांदी बाटलीतून उडून जात नाही. माझ्या चुकीच्या कपाटाने चांदीचं सोडियम केलं, असं तर कुणी म्हणणार नाही.

मग मी लेबलं वाचायला बसले. तिन्हींवर बॅच नंबर एकच. उत्पादनाची तारीख नाही, पुन्हा तपासणीची तारीख नाही. निनहायड्रिनच्या लेबलवर कॅस नंबर छापला होता ४८५-७४-२. हा प्रत्येक रसायनाला दिलेला ओळख क्रमांक, आणि त्यातला शेवटचा अंक पडताळणीचा असतो. तो सोडून उरलेले अंक उजवीकडून घ्यायचे आणि त्यांना क्रमाने एक, दोन, तीन असं गुणत बेरीज करायची. बेरजेचा शेवटचा अंक आणि पडताळणीचा अंक जुळला पाहिजे. निनहायड्रिनचा खरा नंबर ४८५-४७-२. सात, आठ, पंधरा, बत्तीस, वीस, बेरीज ८२, शेवटी दोन. जुळलं. बाटलीवरच्या आकड्यांची बेरीज आली ८५. कुणीतरी घाईत दोन अंकांची अदलाबदल केली होती. एका कोपऱ्यात लेबल जरा सुटलं होतं. नखाने उचललं तर खाली दुसरं लेबल, शाई पुसलेलं.

हे सगळं लिहून, वजनांच्या नोंदींसह विक्रेत्याला पाठवलं. उत्तर आलं नाही. मग फोन लागेनासा झाला. बिल काढून पाहिलं तर त्यावर एकाही रसायनाचं नाव नाही. ‘शालेय प्रयोग साहित्य, १ संच’, बस्स. माल घेताना बिलावरची ही ओळ मला खटकलीसुद्धा नव्हती. मी सिल्व्हर नायट्रेट विकत घेतलं होतं, हे आता कागदावर कुठेच नाही.

आता सील फोडायला उपक्रमाची वाट पाहत नाही. बाटली आली की त्याच दिवशी तपासणी. ल्युमिनॉलचे चार कण टेबलाखालच्या अंधारात, निनहायड्रिनचे दोन कण ग्लायसिन या अमिनो आम्लाच्या द्रावणात घालून जरा गरम केले की गडद जांभळा रंग दिसायला हवा. पाच ग्रॅममधून एवढं गेलं तर काही बिघडत नाही. चांदीसाठी मात्र गाळणं-तोलणं करावंच लागतं, त्याला एक दिवस जातो. बिलावर रसायनाचं नाव, शुद्धता आणि बॅच नंबर नसेल तर माल परत. माहितीपत्रक आणि बॅचचं विश्लेषण प्रमाणपत्र बाटलीच्या आधी मागते. खरा पुरवठादार ते लगेच पाठवतो.

कपाटही बदललं. निनहायड्रिन सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट डब्यात, अमोनिया दुसऱ्या खोलीत. अमोनिया आणि सिल्व्हर नायट्रेट तर चुकूनही एकत्र नाही, कारण त्यांचं मिश्रण राहून गेलं तर त्यात स्फोटक पदार्थ तयार होऊ शकतो. आयोडीन लोखंडी कपाटात ठेवलं होतं, त्याच्या वाफेने बिजागऱ्या खाऊन टाकल्या, ते वेगळंच. प्रत्येक बाटलीवर आल्याची आणि उघडल्याची तारीख लिहिते. पुन्हा कुणी ‘कुठे ठेवली होती’ विचारलं तर वही पुढे करता यावी.

त्या तीन बाटल्या अजून शाळेतच आहेत. सिंकमध्ये ओतता येत नाहीत, कारण आत काय आहे ते ठाऊक नाही. रासायनिक कचरा नेणारे म्हणतात, आधी आतलं काय ते लिहून द्या. तपासून घ्यायचा खर्च त्या संचाच्या किमतीपेक्षा जास्त येतोय. तोवर त्या प्लास्टिकच्या वेगळ्या डब्यात कुलूपबंद आहेत. त्यांच्यावरची जुनी लेबलं काढून सहायकांनी नवी चिकटवली आहेत. त्यांच्या गोल अक्षरात लिहिलंय: ‘अनोळखी – १’, ‘अनोळखी – २’, आणि तिसरीवर, ‘थोडी चांदी’.