गिअरचं व्हील की डायरेक्ट ड्राइव्ह?

सिम रेसिंगसाठी, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या गाड्यांच्या शर्यतींसाठी, स्टिअरिंग व्हील घ्यायचं ठरलं की बहुतेकांची गाडी इथेच अडते. गिअरवर चालणारं, खिशाला परवडणारं व्हील आत्ता घ्यावं, की थोडं थांबून डायरेक्ट ड्राइव्ह, म्हणजे थेट मोटरवर बसणारं? मी दोन्ही वापरली आहेत. गिअरचं साडेचार वर्षं आणि डायरेक्ट ड्राइव्ह आता दीड वर्ष. बेल्टच्या, म्हणजे पट्ट्यावर चालणाऱ्या, व्हीलवर मित्राकडे चार-पाच संध्याकाळी बसलोय, तेवढ्यावरून त्याच्याबद्दल बोलणं बरोबर नाही.

आधी गिअरच्या व्हीलबद्दल, कारण त्याचे माझ्यावर उपकार आहेत. जेवणाच्या टेबलाला क्लॅम्पने आवळायचं, खेळून झालं की काढून कपाटात. साडेचार वर्षांत एकदाही दुरुस्तीला न्यावं लागलं नाही. जर्मनीतल्या नॉर्डश्लाइफ ट्रॅकची २०.८ किलोमीटरची लॅप, कुठल्या चढानंतर कुठलं वळण, हे सगळं मी त्याच व्हीलवर पाठ केलं. रेसिंग लाइन आणि ब्रेकिंग पॉइंट शिकायला त्यात काही कमी पडत नाही. विकायला काढलं तेव्हा आठवड्यात गेलंही.

मग बदललं का? खडखडीमुळे.

या व्हीलमध्ये मोटर छोटी असते, तिचा जोर दातेरी चाकांमधून वाढून स्टिअरिंगपर्यंत येतो. दात्यांमध्ये किंचित फट ठेवावीच लागते, नाहीतर चाकं अडकतील. जोराची दिशा बदलली की दाते ती फट ओलांडून पलीकडच्या दात्यांवर आपटतात. जपानमधल्या सुझुका ट्रॅकच्या सुरुवातीची एस वळणं घ्या. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, आणि दर वेळी मध्यावर ‘टक्’. नॉर्डश्लाइफवरच्या कारुसेल वळणाच्या काँक्रीटवरून गाडी दणके खात जाते तेव्हा तर पत्र्याच्या डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज.

दिवसा त्याचं काही वाटत नाही. पण ज्यांच्याबरोबर मी रेस करतो ती मंडळी युरोपातली. उन्हाळ्यात त्यांचे रात्रीचे आठ म्हणजे आपले साडेअकरा. आमचं घर दोन खोल्यांचं, भिंतीपलीकडे आई झोपलेली. हेडफोनमध्ये मला इंजिन ऐकू यायचं, तिला खडखड. तक्रार तिने कधी केली नाही. एकदा पाणी प्यायला उठली तेव्हा दारात उभी राहून एवढंच म्हणाली, “अजून किती फेऱ्या रे?” त्या रात्री मी फोर्स फीडबॅक, म्हणजे मोटर स्टिअरिंगला देते तो जोर, तीस टक्क्यांवर आणला. दुसऱ्या दिवशी क्लॅम्पखाली रबर घातलं, टेबलाच्या पायांखाली सतरंजीची घडी. आवाज बराच उतरला, पण टायरही मुके झाले.

आणि टायरच बोलले नाहीत तर या छंदात उरतं काय? पुढच्या टायरची पकड संपत आली की स्टिअरिंग हातात हलकं पडायला लागतं. मर्यादा जवळ आली, हे गाडी त्या हलकेपणातून सांगते. गिअरच्या फटीत नेमकं हेच हरवतं. मागची बाजू सुटली तरी मध्यावरचा मोकळा पट्टा ओलांडेपर्यंत हाताला पत्ता नसतो. आधी डोळ्यांना दिसतं, मग हात धावतात, तोवर गाडी आडवी. कित्येक महिने मला वाटत होतं की माझेच हात मंद आहेत.

डायरेक्ट ड्राइव्ह आधी फार महाग होतं. २०२१ मध्ये फॅनाटेक कंपनीचं सीएसएल डीडी हे मॉडेल आलं आणि ते माझ्यासारख्यांच्या विचारात तरी यायला लागलं. यात स्टिअरिंग थेट मोटरच्या दांड्यावर बसतं, मध्ये दाते नाहीत की पट्टा नाही. पहिल्या रात्री मी मुद्दाम तीच गाडी आणि सुझुकाच घेतलं. एस वळणं गेली, टक् नाही. तिथल्याच डेग्नर वळणाला मागची बाजू सुटली आणि मला दिसायच्या आत हात उलटे फिरले होते. लॅपटाइम लिहून ठेवून तुलना केलेली नाही, त्यामुळे किती सेकंद कमी झाले ते विचारू नका. सकाळी चहा देताना आईने विचारलं, “काल रेस नव्हती का?”

त्रास इथेही आहेत. स्टँडसकट हिशोब केला तर मला गिअरच्या व्हीलच्या दुपटीहून जास्त पडलं. आणि स्टँड टाळता येत नाही. पहिले दोन दिवस मी ते जेवणाच्या टेबलाला लावलं, तर टेबलच करकरायला लागलं. शिवाय भिंतीवर आदळायची वेळ आली की हात सोडायचे, अंगठे आऱ्यांमध्ये अडकू द्यायचे नाहीत, ही सवय आधी लावून घ्यावी लागते.

तुम्ही दिवसा खेळत असाल, आठवड्यातून एखाद-दोनदाच, किंवा हा छंद टिकेल की नाही याची खात्री नसेल, तर गिअरचं घ्यायला माझी हरकत नाही. पण रेस रात्रीच्या असतील आणि घर आमच्याएवढं असेल, तर मी चार महिने थांबेन, पण डायरेक्ट ड्राइव्हच घेईन. तेही ५ न्यूटन-मीटर जोराचं, मला त्याहून जास्त लागलेलं नाही. उरलेले पैसे लोड सेल ब्रेकसाठी ठेवा. तो पेडल किती खाली गेलं यापेक्षा तुम्ही किती जोराने दाबलंत ते मोजतो, आणि पायाला दाबाची सवय लवकर लागते.

ओळखीत कुणाकडे गिअरचं व्हील असेल तर त्याला रात्री सुझुकाच्या दोन लॅप मारायला सांगा. तुम्ही शेजारच्या खोलीत दिवा घालवून आडवे पडा आणि ऐका.