शेवटच्या तीन दिवसांत उघडे पडणारे यंत्र : नाशिकमध्ये बनलेल्या ४८ अंड्यांच्या उबवणी यंत्राचा अनुभव

अंबड औद्योगिक वसाहतीतील एका लहान कारखान्यात तयार झालेले ४८ अंड्यांचे उबवणी यंत्र मी मार्च महिन्यात ६,८०० रुपयांना विकत घेतले. तेव्हापासून मखमलाबाद शिवारातील आमच्या घरी त्यात गावरान कोंबडीच्या अंड्यांच्या दोन खेपा आणि खाकी कॅम्पबेल बदकाच्या अंड्यांची एक खेप निघाली. या तीन खेपांनंतर माझे मत ठाम झाले आहे. पहिले अठरा दिवस हे यंत्र चोख काम करते. मात्र पिल्लू आतून कवच टोचू लागते आणि त्याला यंत्राची खरी गरज पडते, त्या शेवटच्या तीन दिवसांत ते कमी पडते. अडकलेल्या पिल्लाला मदत कशी करावी याबाबत सोबतची पुस्तिका जे सांगते ते तर सरळ घातक आहे.

आधी चांगली बाजू सांगते. तापमान ३७.५ अंशांवर ठेवल्यानंतर ते तिथेच राहते. तापाचा काचेचा थर्मामीटर आत ठेवून मी चारही कोपरे तपासले. फरक एका अंशाच्या दोन दशांशांहून अधिक आढळला नाही. पंखा लहान असला तरी हवा सगळीकडे फिरवतो. अंडी कलती करणारी मोटर दर दोन तासांनी चालते आणि तिचा आवाज शेजारच्या खोलीतही जात नाही. जुलैमध्ये एका संध्याकाळी दोन तास वीज नव्हती. तेव्हा हवेची भोके उघडी ठेवून मी यंत्रावर गोधडी टाकली आणि आतले तापमान ३४ अंशांच्या खाली उतरले नाही. खुडूक कोंबडीही दाणापाण्यासाठी रोज थोडा वेळ अंड्यांवरून उठतेच, त्यामुळे एवढ्याने काही बिघडले नाही.

अडचण सुरू झाली ती पहिल्या खेपेच्या विसाव्या दिवशी. एप्रिलमध्ये मी ४० अंडी बसवली होती आणि अठराव्या दिवशी बॅटरीच्या उजेडात पाहिले तेव्हा त्यांतल्या ३० अंड्यांत पिल्ले हलताना दिसत होती. सतरा पिल्ले आपली आपण बाहेर आली, चार अंडी टोचलीच गेली नाहीत आणि उरलेल्या नऊ अंड्यांना टोच पडून पुढे काहीच घडेना. यंत्राच्या पडद्यावर आर्द्रता ६६ टक्के दिसत होती. शेवटच्या तीन दिवसांत ६५ ते ७० टक्के आर्द्रता हवी, म्हणजे आकड्यांच्या हिशेबाने सारे ठीक होते. परंतु टोच पडलेल्या जागेतून दिसणारा, कवचाखालचा पातळ पडदा ओलसर आणि लवचीक असायला हवा, तो वाळक्या कांद्याच्या पापुद्र्यासारखा पिवळट आणि ताठ झाला होता. पिल्लू त्यात गुंडाळले गेले होते आणि त्याला मानही वळवता येत नव्हती.

त्यानंतर मी आर्द्रतामापक तपासला. वाटीत मीठ घेऊन ते चिखलासारखे भिजवायचे, पाणी वर तरंगू द्यायचे नाही, आणि ती वाटी मापकासह हवाबंद डब्यात रात्रभर ठेवायची. डब्यातील आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिर होते. माझ्या यंत्राच्या मापकाने ८४ दाखवले. म्हणजे पडद्यावर ६६ असताना आत प्रत्यक्षात ५७ टक्क्यांच्या आसपास होती, आणि आधीचे अठरा दिवसही अंडी हवी त्यापेक्षा कोरड्या हवेत होती. एप्रिलमध्ये नाशिकला दोरीवर टाकलेले कपडे तासाभरात वाळतात. अशा हवेत मापकाने नऊ टक्क्यांनी खोटे बोलणे पिल्लांच्या जिवावर बेतते.

पुस्तिकेचा मुद्दा याहून गंभीर आहे. तिच्यात एकच वाक्य आहे : एकविसाव्या दिवशी बाहेर न आलेल्या पिल्लास कवच फोडून बाहेर काढावे. मी ते वाक्य खरे मानले आणि दोन अंडी फोडली. दोन्ही पिल्लांच्या पडद्यातून रक्त आले, बलकाची पिशवी अजून पोटाबाहेर होती आणि दोन्ही पिल्ले तासाभरात गेली. ती घाई मी केली नसती तर ती कदाचित वाचली असती, हे मला अजूनही बोचते. त्या वेळी माझ्या सासूबाई शेजारी उभ्या होत्या. त्यांनी आयुष्यभर टोपलीत भुसा घालून खुडूक कोंबड्या बसवल्या आहेत. त्या एवढेच म्हणाल्या, "कोंबडी काय करती बाई? गुपचूप बसून राहती. तू बी जरा बस."

त्यांच्या बोलण्यामागचे कारण मला नंतर समजले आणि हे यंत्र घेणाऱ्या प्रत्येकाने ते समजून घ्यावे अशी माझी विनंती आहे. अंड्यात वाढणारे पिल्लू कवचाच्या आतल्या बाजूस पसरलेल्या रक्तवाहिन्यांच्या जाळ्यातून प्राणवायू घेते. शेवटी तो अपुरा पडू लागला की ते जाड टोकाकडील हवेच्या पोकळीत चोच खुपसते आणि फुप्फुसांनी श्वास घेऊ लागते. कान लावला तर चिवचिव ऐकू येते ती याच वेळी. त्यानंतर चोचीवरच्या टोकदार उंचवट्याने ते कवचाला टोच पाडते आणि मग बराच वेळ स्वस्थ पडून राहते. बाहेरून पाहणाऱ्याला ते अडकलेले वाटते, पण त्याच वेळात जाळ्यातील रक्त शरीरात ओढले जात असते आणि बलकाची पिशवी बेंबीवाटे पोटात जात असते. हे काम उरकल्यावरच पिल्लू अंगाभोवती फिरत जाड टोकाची टोपी कापते. कोंबडीच्या पिल्लाला टोच पडल्यापासून बाहेर यायला १२ ते २४ तास लागू शकतात, बदकाच्या पिल्लाला २४ ते ४८ तास. पोटातील बलकावर पिल्लू बाहेर आल्यानंतरही दोनेक दिवस दाण्यावाचून राहू शकते, त्यामुळे भुकेच्या भीतीने घाई करण्याचे कारण नसते.

उरलेल्या सात अंड्यांपैकी पाच पिल्ले वाचली. त्यांतील एकाची हकीकत लिहिते, कारण त्यातून यंत्राचे दोषही दिसतात. टोच पडून तीस तास झाले होते, भोक तसूभरही वाढले नव्हते आणि आवाज क्षीण होत चालला होता. रात्री दीड वाजता हात धुऊन, पंखा बंद करून मी ते अंडे कोमट, ओल्या फडक्यावर घेतले. मुलीने बॅटरी धरली. भोकाच्या कडेचे कवच चिमट्याने तांदळाच्या कणीएवढे एकेक तुकडा करून काढले. मग कापसाची काडी कोमट पाण्यात बुडवून पडद्यावर फिरवली, चोचीवरच्या नाकपुड्यांत पाणी जाणार नाही याची काळजी घेतली. कोरडा पडदा ओला होताच पारदर्शक झाला आणि खाली केसाएवढी लाल रेघ दिसली. रेघ दिसली म्हणजे रक्त अजून पडद्यात आहे. तेव्हा पुढे एक तुकडाही काढू नये. मी पडदा ओला ठेवून अंडे यंत्रात परत ठेवले. चार तासांनी पाहिले तेव्हा रेघ नाहीशी झाली होती. मग हवेच्या पोकळीवरची टोपी काढली, चोच आणि मान मोकळी केली, आणि मागचा अर्धा भाग कवचातच राहू दिला. पिल्लाने पाय झाडले, विश्रांती घेतली, पुन्हा झाडले, आणि पाऊण तासाने ते स्वतः कवचातून निसटले. तो मागचा भाग ओढून काढण्याचा मोह होतो, पण नाळ अजून चिकटलेली असू शकते आणि ती ओढली गेली तर पोट फाटते. बेंबी ओलसर होती म्हणून तिला पोव्हिडोन आयोडीनचा एक थेंब लावला.

या सगळ्यात मला यंत्राचे झाकण चार वेळा उघडावे लागले आणि दर वेळी आतली वाफ निघून गेल्यामुळे शेजारच्या अंड्यांचे पडदे वाळू लागले. रचनेतील मुख्य दोष हाच आहे. पाण्याचे भांडे अंड्यांच्या खाली आहे आणि त्यात पाणी घालायला पूर्ण झाकण उचलावे लागते, म्हणजे ओलाव्याची सर्वाधिक गरज असते नेमका तेव्हाच तो घालवावा लागतो. दुसऱ्या खेपेपासून मी हवेच्या एका भोकातून सलाईनची नळी भांड्यापर्यंत सोडली आणि बाहेरून सिरिंजने कोमट पाणी घालू लागले. ओलावा राखण्यासाठी हवेची भोके बुजवण्याचा सल्ला मला एका पोल्ट्रीवाल्यांनी दिला होता. तो कुणी मानू नये, कारण शेवटच्या दिवसांत पिल्लांना प्राणवायू सर्वाधिक लागतो. झाकणावरची काच रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडीच मोठी आहे आणि आर्द्रता वाढली की तिच्यावर दव धरते, त्यामुळे आत काय चालले आहे हे झाकण उघडल्यावाचून कळत नाही. तळ गुळगुळीत प्लास्टिकचा आहे. पहिल्या खेपेतील दोन पिल्लांचे पाय त्यावर फाकले आणि पट्टी बांधून ते सरळ करावे लागले. स्वयंपाकघरातील खणात घालतात ती जाळीदार रबरी चटई अंथरल्यावर हा त्रास थांबला.

जुलैतील दुसऱ्या खेपेत पावसाळी हवेमुळे प्रश्न उलटा होता. हवा फार दमट राहिली तर अंड्यातील पाणी पुरेसे उडत नाही, हवेची पोकळी लहान राहते आणि पिल्लू चिकट द्रवात गुदमरते. म्हणून अठराव्या दिवसापर्यंत मी भांडे जवळजवळ कोरडेच ठेवले आणि दर आठवड्याला स्वयंपाकघरातील काट्यावर काही अंडी तोलली. कोंबडीच्या अंड्याचे वजन अठरा दिवसांत सुमारे ११ ते १३ टक्क्यांनी घटावे लागते. काट्यावर भरवसा ठेवल्याचा फायदा झाला. अठराव्या दिवशी जिवंत असलेल्या ३२ अंड्यांतून २७ पिल्ले विनासायास निघाली आणि केवळ दोघांना हात लावावा लागला.

बदकांच्या खेपेला यंत्राच्या मर्यादा पुन्हा जाणवल्या. खाकी कॅम्पबेल सहसा खुडूक बसत नाही, म्हणून तिची अंडी पूर्वी गावरान कोंबडीखाली ठेवत. त्यामुळे या यंत्राकडून माझी अपेक्षा मोठी होती. कोंबडीच्या अंड्यांसाठी केलेल्या खाचांत ही अंडी बसत नाहीत. अडसर काढून मी २० अंडी आडवी ठेवली आणि दिवसातून पाच वेळा हाताने फिरवली. पंचविसाव्या दिवशी १४ जिवंत होती. नऊ पिल्ले स्वतः निघाली, दोन कवचातच गेली आणि तिघांना मदत केली. त्यांतील एकाने अरुंद टोकाकडून टोच पाडली होती. तिथे हवेची पोकळी नसते, त्यामुळे श्वासापुरते लहान भोक राखून रक्तवाहिन्या ओसरण्याची वाट पाहण्यावाचून दुसरा उपाय नव्हता. सव्वा दिवस वाट पाहिली. ते पिल्लू आज आमच्या हौदात पोहते आहे. खाचांत अंडे उभे ठेवताना जाड टोक वर हवे, एवढी साधी सूचनाही पुस्तिकेत नाही. अरुंद टोक वर राहिले तर पिल्लू उलटे बसण्याचा धोका वाढतो.

विक्रीनंतरच्या सेवेबद्दल मात्र तक्रार नाही. मिठाच्या चाचणीचा निकाल दाखवताच कारखानदारांनी वाद घातला नाही, आठवड्याच्या आत मापक बदलून दिला, आणि नवा मापक ७५ च्या जागी ७६ दाखवतो. बाहेरून पाणी घालण्याची सोय पुढच्या यंत्रांत करतो असे ते म्हणाले. ती अजून झालेली नाही.

हिवाळ्यात थंड खोलीत हे यंत्र कसे वागते ते मी पाहिलेले नाही, त्यामुळे त्याविषयी काही लिहीत नाही. परसात दहावीस कोंबड्या असलेल्या, मिठाची चाचणी करण्याची आणि शेवटचे तीन दिवस घरी थांबण्याची तयारी असलेल्या माणसाने हे यंत्र या किमतीत जरूर घ्यावे. बदकांसाठीच हवे असेल तर मोठ्या खाचांचे दुसरे शोधावे. पुस्तिकेतील त्या घातक वाक्याऐवजी काय छापावे ते मी एका पानावर लिहून कारखानदारांना दिले. आता नव्या प्रत्येक खोक्यात त्या पानाची झेरॉक्स असते, हे मी गेल्या महिन्यात तिथे जाऊन पाहिले. बदकांचा मजकूर त्यात अजून आलेला नाही. तोवर बदकाची अंडी बसवणाऱ्यांनी २५ व्या दिवशी फिरवणे बंद आणि २८ व्या दिवशी पिल्ले, हे दोन आकडे झाकणावर चिकटवून ठेवावेत.