रक्त पातळ करणारी गोळी: जुनी की नवी?

हृदयाचे ठोके अनियमित असल्यामुळे रक्त पातळ करणारी गोळी सुरू करायची असेल, तर वॉरफेरिन किंवा ॲसिनोकुमॅरॉल ही जुनी गोळी आणि डॅबिगॅट्रान, रिव्हारोक्साबान, अपिक्साबान या नव्या गोळ्या यांतून निवड करावी लागते. चर्चा बहुधा किमतीची आणि पथ्याची होते. दुचाकी घसरून डोक्याला मार लागला किंवा खुबा मोडला तर काय, हे विचारायचे राहून जाते. हृदयात धातूची झडप बसवलेल्यांना किंवा ऱ्हुमॅटिक आजाराने मायट्रल झडप बरीच अरुंद झालेल्यांना मात्र ही निवडच नाही. त्यांच्यासाठी जुनीच गोळी योग्य, हे २०१३ आणि २०२२ च्या चाचण्यांनी दाखवले आहे.

जुन्या गोळीची जमेची बाजू म्हणजे आयएनआर. ही साधी तपासणी तालुक्याच्या गावीही होते आणि रक्त किती पातळ आहे, हे सर्जनला आकड्यात कळते. उतारा म्हणून शिरेतून दिलेले व्हिटॅमिन के स्वस्त आहे, पण त्याचा परिणाम दिसू लागायला काही तास जातात. तेवढा वेळ नसेल तर प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) किंवा पीसीसी (रक्त गोठवणाऱ्या घटकांचे दाट इंजेक्शन) द्यावे लागते. प्लाझ्मा गोठवलेला असल्याने वितळवण्यात अर्धा तास जातो, आणि किलोमागे १० ते १५ मिली या हिशेबाने साठ किलोच्या माणसाला ६०० ते ९०० मिली द्यावा लागतो, जो अशक्त हृदयाला झेपेलच असे नाही. पीसीसी थोडक्या मात्रेत अर्ध्या तासाच्या आत काम करते, परंतु ते महाग असते आणि सगळीकडे मिळत नाही.

नव्या गोळ्यांचे गणित उलटे आहे. औषध अंगात असूनही आयएनआर जवळपास नॉर्मल येऊ शकतो, म्हणून शेवटची गोळी किती वाजता घेतली, हीच खरी माहिती. मूत्रपिंड नीट असेल तर बराचसा परिणाम एक-दोन दिवसांत ओसरतो. वॉरफेरिनला उताऱ्याशिवाय सुमारे पाच दिवस लागतात, आणि खुब्याच्या शस्त्रक्रियेला इतके थांबणे वृद्धांना परवडत नाही. डॅबिगॅट्रानवर इडारुसिझुमॅब हा मिनिटांत काम करणारा उतारा आहे, पण तो आपल्या रुग्णालयात ठेवतात का, हे आधीच विचारावे. शिवाय डॅबिगॅट्रान सुमारे ८० टक्के मूत्रपिंडावाटे जाते, त्यामुळे क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारा रक्तातला आकडा) वाढलेल्यांनी त्यापासून दूर राहिलेले बरे. रिव्हारोक्साबान आणि अपिक्साबानसाठी व्यवहारात बहुधा पीसीसीच वापरतात.

उतारा सहज मिळतो म्हणून जुनी गोळी सुरक्षित, हा युक्तिवाद मला अपुरा वाटतो, कारण मेंदूतील रक्तस्राव नव्या गोळ्यांवर वॉरफेरिनच्या सुमारे निम्माच आढळला आहे. पावसाळ्यात पुराने गगनबावड्याचा रस्ता बंद झाला की आयएनआरची फेरी चुकते, हाही विचार करण्याजोगा मुद्दा आहे. झडप आणि मूत्रपिंड ठीक असलेल्या माणसासाठी मी अपिक्साबानकडे झुकेन. मात्र दोन्ही वेळची गोळी कायम विकत घेणे जमणार नसेल तर जुनीच बरी, कारण नवी गोळी चुकली की रक्ताच्या गुठळीपासूनचे तिचे संरक्षण दिवसभरात संपते.

निवड कोणतीही असो, औषधाचे नाव, मात्रा आणि घेण्याची वेळ लिहिलेला कागद पाकिटात असावा. चंदगडचा रुग्ण कोल्हापूरऐवजी बेळगावला नेला जाण्याची शक्यता असते, आणि तिथल्या डॉक्टरांकडे त्याची जुनी फाईल नसते.