फ्लॅट आपल्या नावावर, लॉक आधीच्यांच्या अकाउंटवर: खारघरच्या एका सर्व्हिसचा रिव्ह्यू

आधी निकाल सांगते. खारघरमध्ये स्मार्ट लॉक, व्हिडिओ डोअरबेल, कॅमेरे बसवून देणारं एक छोटं दुकान आहे. तिथला टेक्निशियन घरी येऊन आधीच्या मालकाची डिव्हाइसेस आपल्या अकाउंटवर करून देतो. आमच्याकडून १८०० रुपये घेतले आणि काम इतकं व्यवस्थित केलं की माझ्याकडून ५ पैकी ४ स्टार. लॉकच्या कंपनीच्या कस्टमर केअरला २. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण हा प्रश्न एकाच ब्रँडचा नाहीये असं माझं मत झालंय, आणि ज्यांनी रिसेल फ्लॅट घेतलाय किंवा विकायला काढलाय त्यांनी हे वाचावं असं मनापासून वाटतं म्हणून एवढं लांबलचक लिहितेय.

आमचा रिसेलचा २ बीएचके. आधीचे मालक काका-काकू आता नाशिकला असतात, अतिशय चांगली माणसं. घरात मेन डोअरला फिंगरप्रिंटवालं लॉक, बाहेर व्हिडिओ डोअरबेल, हॉलमध्ये एक वायफाय कॅमेरा, आणि पॅसेज आणि ड्राय बाल्कनीच्या कॅमेऱ्यांचा एक जुना डीव्हीआर, म्हणजे त्यांचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा. हे सगळं "फिटिंग्जसकट" मिळालं. एजंटने जी यादी दिली होती त्यात सिडकोचं ट्रान्सफर, सोसायटीची एनओसी, शेअर सर्टिफिकेट, महावितरणचं मीटर, महानगर गॅस, सगळं होतं, प्रत्येकाला फॉर्म, प्रत्येकाला फी, कुठे सही करायची तेसुद्धा पेन्सिलने टिक करून. पण ज्या दारातून आम्ही रोज आत-बाहेर करणार त्या दाराचं लॉक कुणाच्या कंट्रोलमध्ये आहे हे त्या यादीत कुठेच नव्हतं. आणि त्याला कुठला सरकारी फॉर्मही नाही, विकणारा आणि घेणारा दोघांनी समजून करायचं काम आहे ते.

आता मुद्दा असा की अशा वस्तूंची मालकी त्या वस्तूत नसते, अकाउंटमध्ये असते. कॅमेरा भिंतीवर तुमच्या असेल, पण ज्या ईमेलवर किंवा मोबाईल नंबरवर तो पहिल्यांदा ॲड झालाय त्या माणसाला तो जगात कुठूनही दिसतो. आमच्या केसमध्ये तर काकांच्या नावावरही काही नव्हतं! मुलगा टोरांटोला असतो, तो सुट्टीत आला होता तेव्हा त्याने हौसेने सगळं बसवून दिलं, स्वतःच्या ईमेलवर. काकांच्या मोबाईलमध्ये ॲप होतं, दार उघडायचं, कॅमेरा दिसायचा, त्यामुळे त्यांना वाटायचं की आपणच मालक, पण ते नुसतं शेअर केलेलं होतं. म्हणजे काकांनी कितीही मनापासून म्हटलं की "अगं घे ना तुझ्या नावावर करून", तरी त्यांच्या फोनमध्ये ते बटणच नव्हतं.

मुलाने मग रात्री मेसेज केला की ताई तुम्हाला ॲक्सेस पाठवलाय, झालं काम. माझ्या ॲपमध्ये लॉक दिसायला लागलं, दार उघडायला लागलं, घरात सगळे खूश. टेक्निशियन दादांनी आल्या आल्या माझा फोन बघितला आणि म्हणाले, "ताई, हे ट्रान्सफर नाही, हे शेअर आहे. तुम्ही गेस्ट आहात, ओनर अजून तेच." हे कृपा करून सगळ्यांनी लक्षात ठेवा. शेअर म्हणजे मालकाने भाडेकरूला एक किल्ली दिल्यासारखं, त्याची स्वतःची किल्ली त्याच्याकडे राहतेच, आणि तुमची तो कधीही परत घेऊ शकतो. ट्रान्सफर म्हणजे ओनरने स्वतःच्या अकाउंटमधून डिव्हाइस रिमूव्ह करायचं आणि मग आपण आपल्या अकाउंटवर नव्याने ॲड करायचं. काही ॲपमध्ये सरळ मालकी बदलायचा ऑप्शन असतो, पण बऱ्याच ठिकाणी रिमूव्ह हाच रस्ता.

काकांना फोनवर हे सांगताना मला जरा अवघडल्यासारखं झालं होतं, कारण ते म्हणाले, "अगं बाई, आम्ही कशाला बघतोय आता तुमच्याकडे." दादांनी फोन घेतला आणि फार छान बोलले, "काका, विश्वासाचा प्रश्नच नाहीये. उद्या तुमच्या मुलाचा मोबाईल हरवला किंवा पासवर्ड कुणाला मिळाला तर खारघरचं दार उघडेल आणि नाव तुमचं येईल. तुमच्याच डोक्याचा ताप जातोय." काकांना एका मिनिटात पटलं. माझ्या मते नुसत्या या समजावण्यासाठीसुद्धा त्यांना पैसे द्यायला हरकत नाही, कारण हे बोलणं घेणाऱ्याने केलं की संशय घेतल्यासारखं वाटतं आणि तिसऱ्या माणसाने केलं की काम होतं.

मग टोरांटोला व्हिडिओ कॉल. आपली रात्र म्हणजे त्यांची सकाळ, त्यामुळे दादा रात्री नऊनंतर थांबले, एक्स्ट्रा पैसे मागितले नाहीत. मुलाकडून एकेक डिव्हाइस रिमूव्ह करून घेतलं, आधी डोअरबेल, मग कॅमेरा, शेवटी लॉक. त्याचं क्लाउड रेकॉर्डिंगचं सबस्क्रिप्शन चालू होतं, ते त्याच्या अकाउंटला जोडलेलं असल्यामुळे आपल्याकडे येत नाही, ऑटोपे बंद करा म्हणून त्याला आठवण केली. आणि हॉलच्या कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड दादांनी काढून माझ्या हातात दिलं, म्हणाले हे बघू नका, त्यांना परत द्या. त्यात काका-काकूंच्या घरातलं रेकॉर्डिंग असणार, आम्ही ते पाकिटात घालून नाशिकला पाठवलं. विकणाऱ्यांनी हे आवर्जून बघा, तुमच्या घरातलं चालणं-बोलणं तुम्ही कार्डात ठेवून जाताय.

आता बरेच जण म्हणतील की रिसेट मारला की झालं ना. नाही होत. रिसेट बटण दाबल्यावर कॅमेरा जुनं वायफाय विसरतो, पण कंपनीच्या सर्व्हरवर तो जुन्या अकाउंटला बांधलेलाच राहू शकतो, आणि तुम्ही ॲड करायला गेलात की "दुसऱ्या अकाउंटला जोडलेलं आहे" असा मेसेज येतो. ॲमेझॉनच्या रिंग डोअरबेलचाही नियम हाच आहे, जुन्या मालकाने काढल्याशिवाय नव्याला सेटअप करता येत नाही. मला हा नियम बरोबर वाटतो. नुसत्या रिसेटवर मालकी बदलायला लागली तर चोरलेला कॅमेराही कुणीही आपल्या नावावर करेल. म्हणून आमच्या लॉकच्या कंपनीने "ओनरनेच रिमूव्ह करायला पाहिजे" म्हटलं याबद्दल माझी तक्रार नाहीच. तक्रार अशी की हे सांगायला त्यांनी तीन वेगळी माणसं लावली, पहिला म्हणाला रिसेट करा, दुसरीने मूळ बिल मागितलं ते पण पहिल्या खरेदीदाराच्या नावाचं, तिसऱ्याने रजिस्टर्ड ईमेलवरून मेल पाठवायला सांगितलं, आणि मग उत्तर न देता तिकीट क्लोज. घरं विकली जातात ही काही नवलाची गोष्ट नाही, कंपनीकडे याचं एक पानभर मराठी-हिंदीतलं मार्गदर्शन तयार असायला काय हरकत आहे?

आणखी एक सल्ला मला दोघा-तिघांनी दिला होता, की नव्या राऊटरला जुन्याच वायफायचं नाव आणि पासवर्ड द्या, सगळं आपोआप चालू होईल. होईल चालू, पण कुणाच्या ॲपमध्ये? जुन्या मालकाच्या! कॅमेरा बिचारा ओळखीचं नेटवर्क दिसलं की जोडला जातो. दादांनी नवीन नाव, नवीन पासवर्ड टाकायला लावलं, आणि यातली बरीच डिव्हाइसेस वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या बँडवरच चालतात म्हणून राऊटरमध्ये ते चालू आहे ना तेही बघितलं.

लॉकचं काम सगळ्यात महत्त्वाचं आणि तिथे ते खरंच निष्णात आहेत. ॲपमधून लॉक निघालं म्हणजे बोटांचे ठसे गेले असं नाही, ते लॉकच्या आतच साठवलेले असतात. लिस्टमध्ये नुसते नंबर दिसत होते, कुठलं बोट कुणाचं काही कळायला मार्ग नाही. काकू म्हणाल्या कामवाली, फिजिओथेरपीला येणारी मुलगी, भाचा, सगळ्यांचे घेतले होते, शिवाय दोन कार्डं कुठेतरी आहेत. अशा वेळी एकेक शोधत बसायचं नाही, पूर्ण फॅक्टरी रिसेट. आणि तो दार उघडं ठेवून, यांत्रिक किल्ली हातात घेऊन करायचा. कारण रिसेट झाल्यावर बऱ्याच लॉकमध्ये नवीन ठसे घालेपर्यंत कुणाच्याही बोटाने दार उघडतं किंवा मॅन्युअलमध्ये छापलेला डिफॉल्ट पिन चालतो, म्हणजे रिसेट मारून चहाला जायचं नाही, तिथेच उभं राहून मास्टर पिन आणि घरच्यांचे ठसे घालायचे. फ्लॅट काही महिने बंद होता त्यामुळे आतले सेल लीक झाले होते, दादांनी पट्ट्या घासून साफ केल्या आणि चार नवीन अल्कलाइन सेल घातले. सेल उतरले तर बाहेरून पॉवर बँकने लॉक तात्पुरतं चालू कसं करायचं हे माझ्या सासूबाईंकडून दोनदा करून घेतलं, नुसतं सांगितलं नाही, हे मला फार आवडलं.

त्यांनीच सुचवलं की किल्लीचं सिलेंडर, म्हणजे ज्यात किल्ली फिरते तो भाग, पण बदला. इलेक्ट्रॉनिक बाजू कितीही स्वच्छ केली तरी जुन्या किल्लीच्या किती डुप्लिकेट बाहेर आहेत कुणालाच माहीत नसतं. त्याचा खर्च वेगळा, पण आम्ही केला.

कामवाल्या ताईंचं बोट मात्र लॉक घेईना. रोज भांडी-कपडे करून ठसे पुसट होतात, बऱ्याच बायकांचं असं होतं म्हणे. त्यांना सकाळी ठराविक वेळेतच चालेल असा वेगळा पिन दिला, तो ॲपमधून कधीही बदलता येतो.

डीव्हीआरची गोष्ट वेगळीच निघाली. त्यात ॲडमिन शिवाय अजून एक युजर होता. तो काकांचा नाही, मुलाचा नाही, तर ज्याने पूर्वी कॅमेरे बसवले त्या माणसाचा. सर्व्हिसला सोपं जावं म्हणून बसवणारे स्वतःच्या मोबाईलमध्ये पण ॲड करून ठेवतात आणि मग ते तसंच राहतं. कुणाचा वाईट हेतू असेलच असं नाही, पण आपल्या पॅसेजमध्ये कोण कधी येतं-जातं हे एका अनोळखी फोनवर दिसत राहणं मला चालणार नाही आणि कुणालाच चालू नये. तो युजर उडवला, पासवर्ड बदलला, हार्ड डिस्क फॉरमॅट केली. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने असेच डिफॉल्ट पासवर्डवर ठेवलेले लाखो कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेऊन अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाइट बंद पाडल्या होत्या, त्यामुळे "आपल्या साध्या डीव्हीआरमध्ये कोण येणार" असं म्हणून सोडू नका. दादांचं म्हणणं आहे की हा जुना डीव्हीआर फार वर्षं ठेवू नका, एप्रिल २०२५ पासून भारतात विकायच्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सरकारी सुरक्षा चाचणी बंधनकारक झालीये, जुनं सामान त्यात कुठेच बसत नाही. विकायचा आग्रह केला नाही, नुसतं सांगितलं.

आता एक स्टार का कापला. बुकिंगच्या वेळी दुकानातून व्हॉट्सॲपवर मागितलं की कॅमेऱ्याच्या खालच्या स्टिकरचा फोटो पाठवा. मी नाही पाठवला, फक्त मॉडेल नंबर टाइप केला. त्या स्टिकरवर क्यूआर असतो, सिरीयल नंबर असतो, काही ब्रँडमध्ये व्हेरिफिकेशन कोडही तिथेच छापलेला असतो, तो असा फोनाफोनी फिरायला नको. सुरक्षेचं काम करणाऱ्यांनी तरी हे मागू नये, दादांना तोंडावर सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं. शिवाय बिल साध्या कागदावर मिळालं. पक्कं बिल मागून घ्या, तेच पुढे आपण घर विकताना उपयोगी पडेल.

त्यांच्या कामात सोसायटीचं गेट ॲप येत नाही, ते आपल्यालाच करायचंय. मायगेट असो की नोब्रोकरहूड, आधीचं कुटुंब फ्लॅटच्या यादीत राहिलं तर गेटवर आलेल्या माणसाला परवानगी द्यायचा कॉल त्यांना जाऊ शकतो. आमच्याकडे सोसायटी ऑफिसमध्ये इंडेक्स टूची (घराच्या व्यवहाराच्या नोंदणीचा उतारा) कॉपी दिल्यावर नावं बदलली.

आणि जे आत्ता टोकन देण्याच्या स्टेजला आहेत त्यांना कळकळीने सांगते, पझेशन लेटरला एक साधी पुरवणी जोडा. कुठली डिव्हाइसेस, त्यांचे सिरीयल नंबर, बिलं आणि किल्ल्या-कार्डं किती मिळाली, आणि "विकणाऱ्याने सर्व अकाउंटमधून काढून दिली" अशी एक ओळ, दोघांच्या सह्या. आमच्या नशिबाने माणसं चांगली होती, रात्री कॉलवर थांबली. पण घर विकून पैसे मिळाल्यावर समोरच्याने फोनच नाही उचलला तर हे महागडं लॉक काढून फेकण्याशिवाय हातात काही राहत नाही. शेवटचा डीडी हातात देण्याआधी तिथेच उभं राहून त्यांच्या ॲपमधून डिव्हाइस गेलेलं डोळ्यांनी बघा.

सर्व्हिस घेणार असाल तर रविवारी दुकान दुपारपर्यंतच उघडं असतं, शनिवारी फार गर्दी. बोलावण्याआधी जुन्या मालकाची वेळ घेऊन ठेवा, नाहीतर दादांची फेरी फुकट जाते आणि व्हिजिटचे पैसे द्यावेच लागतात. किल्ल्या, नवीन सेल आणि वायफायचा पासवर्ड हाताशी ठेवा, आणि शिडी आपलीच लागते, ते आणत नाहीत.