फॉलोअपचा गट की एएची मीटिंग?

व्यसनमुक्ती केंद्रातून घरी येऊन आठवडा झाला की प्रश्न पडतो, आता दर आठवड्याला जायचं कुठे? ठाणे ते वाशी या आमच्या पट्ट्यात दोन वाटा समोर असतात. एक, जिथे उपचार घेतले त्या केंद्राचा फॉलोअप गट. दुसरी, दारू सोडू पाहणारे एकमेकांना आधार देतात त्या अल्कोहोलिक्स अनॉनिमसची, म्हणजे एएची, मीटिंग. मी वर्षभर दोन्हीकडे गेलो. मोबाइलवरची ऑनलाइन मीटिंग तीनदा करून पाहिली. तिन्ही वेळा कॅमेरा बंद ठेवून मी गवार निवडत बसलो होतो, तेव्हा तिच्याबद्दल बोलायचा मला अधिकार नाही.

आधी एक सांगून ठेवतो. माणूस अजून रोज पीत असेल तर त्याला गटात नेण्याआधी डॉक्टरकडे न्या. रोजची दारू एकदम तोडली की दोन-तीन दिवसांत भास होतात, फिट येते, जिवावरही बेततं. तिथे आमच्यासारख्यांच्या गप्पा कामाच्या नाहीत. कुठे न्यायचं सुचत नसेल तर १४४४६ हा सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइनचा टोल-फ्री नंबर आहे.

फॉलोअप गटाची जमेची बाजू मोठी आहे. समुपदेशकाला तुमची फाइल पाठ असते. झोप उडाली, गोळ्या झेपेनात, मन उगाच खचलं तर तो त्याच दिवशी डॉक्टरांशी गाठ घालून देतो. एएमध्ये असं कोणी नसतं, असायची अपेक्षाही नसते. शिवाय फॉलोअपला घरचं माणूस सोबत येतं. आणि माझं घोडं नेमकं तिथेच अडलं.

आमच्या गटात जोडपी शेजारी-शेजारी बसायची. समुपदेशक मला विचारायचे, "काय, कसं चाललंय?" मी तोंड उघडायच्या आत बायको सांगायची, "चार दिवस झोप नाही यांना. चिडचिड करतात." खोटं काहीच नव्हतं. पंधरा वर्षं तिने सोसलं होतं, बोलायचा हक्क तिचाच आधी. पण एका मंगळवारी ऑफिसातून येताना मी एका बारच्या समोर, रस्त्याच्या पलीकडे, वीसेक मिनिटं उभा होतो. आत गेलो नाही, पण जायचंच होतं. पुढच्या रविवारी गटात बसलो, ती शेजारी, तिच्या मांडीवर पाण्याची बाटली. मी म्हणालो, "सगळं ठीक." ती खूश झाली. घरी येईपर्यंत मला स्वतःचीच भीती वाटत होती.

दोष पद्धतीचा नसावा, मांडणीचा असावा. पुण्यात अनिल आणि सुनंदा अवचटांनी १९८६ साली सुरू केलेल्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रात बायकांसाठी 'सहचरी' हा वेगळा गट आहे. तुमच्या केंद्रात तशी सोय असेल तर माझी ही तक्रार तुम्हाला लागूही होणार नाही. चौकशी करताना मात्र फी-बी नंतर विचारा, आधी विचारा की नवरा-बायको एकत्र बसवता की वेगळे.

ती बारची गोष्ट मी शेवटी बोललो ती ठाण्यात, एएच्या क्लोज्ड मीटिंगमध्ये. क्लोज्ड म्हणजे तिथे फक्त पिण्याचा प्रश्न असलेलेच बसतात. ओपनला घरच्यांनाही येता येतं. राहतो ऐरोलीला, पण आपल्या भागात कोणी बघेल म्हणून मुद्दाम ट्रान्स-हार्बर लोकलने ठाणं गाठलं. तिथे पहिल्याच दिवशी आमच्याच सेक्टरमधला ओळखीचा चेहरा! तोही त्याच भीतीने आला होता. कोण ते अर्थातच सांगणार नाही.

शाळेचा वर्ग, लहान मुलांचे बाक, गुडघे छातीशी. माझं बोलून झाल्यावर कोणी "अरेरे" म्हटलं नाही. एक काका म्हणाले, "वीसच मिनिटं? मी तासभर उभा होतो." सगळे हसले, मीही. १९३५ साली अमेरिकेत अ‍ॅक्रन गावी शेअर बाजारातला एक माणूस आणि एक सर्जन, दोघेही दारूने पोळलेले, एकमेकांशी बोलत बसले, तिथून एए सुरू झालं म्हणतात. त्या बाकावर बसल्यावर मला त्यात नवल वाटेनासं झालं.

एएतही खुपणाऱ्या गोष्टी आहेत. काही जण तीच कहाणी दर आठवड्याला तितक्याच लांबीची सांगतात. दारूपासून दूर राहण्यासाठी एए सांगतं त्या बारा पायऱ्यांमध्ये देव येतो. 'आम्हाला उमगलेला देव' अशी मोकळीक आहे, तरी माझ्यासारख्या नास्तिकाला सहा महिने अवघडल्यासारखं झालं. मी तेवढ्यापुरता त्या बाकांवरच्या माणसांनाच देव धरतो. फी नाही. शेवटी पिशवी फिरते, त्यात दहा-वीस टाका, नाही टाकले तरी कोणी बघत नाही.

तुम्ही एकटे राहत असाल किंवा गोळ्या चालू असतील तर फॉलोअप आधी धरा, असं मला वाटतं. घरात बायको, आई, मोठी मुलं असतील तर एकदा तरी एएला एकटे जाऊन या. एक मीटिंग नाही पटली तर दुसऱ्या भागातली बघा. प्रत्येक ग्रुपचा स्वभाव निराळा असतो.

फॉलोअपला मी अजूनही दर दोन-तीन महिन्यांनी जातो, गोळ्यांचं बघायला. बायको आता घरच्यांसाठी असलेल्या अल-अ‍ॅनॉनला जाते. तिथे ती काय बोलते मी विचारत नाही. माझ्या मीटिंगनंतर तिचा फोन येतो तो एवढाच: "कितीची गाडी मिळाली?"