लाइट स्कॅटरिंग चाचणी-सेवा: मोजमाप चोख, अहवाल अपुरा

विखुरलेल्या प्रकाशावरून (लाइट स्कॅटरिंग) मोलर वस्तुमान, म्हणजे एका मोल रेणूंचे वस्तुमान, आणि कणांचा आकार मोजून देणाऱ्या एका खासगी प्रयोगशाळेकडे आम्ही बोव्हाइन सीरम अल्ब्युमिन या गाईच्या रक्तातील प्रथिनाचे नमुने पाठवले होते. मोजमापाबद्दल तक्रार नाही. द्रावण नीट गाळलेले होते, टोल्युइन वापरून केलेल्या कॅलिब्रेशनची नोंद जोडलेली होती आणि मूळ डेटाही मागताच मिळाला. उणीव आहे ती अहवालाच्या पहिल्या पानावर. तेथे ‘मोलर वस्तुमान’ आणि ‘आकार’ असे दोनच आकडे ठळक छापलेले असून ती सरासरी कोणत्या प्रकारची, याचा उल्लेख नाही.

हा तपशील किरकोळ नव्हे. स्टॅटिक लाइट स्कॅटरिंगमधून, म्हणजे विखुरलेल्या प्रकाशाच्या सरासरी तीव्रतेवरून, मिळते ती वस्तुमान-भारित सरासरी; तिच्यात जड रेणूंना जास्त महत्त्व मिळते. 1 लाख ग्रॅम प्रति मोल इतक्या मोलर वस्तुमानाच्या पदार्थात 1 कोटी वस्तुमानाचा घटक वजनाने केवळ 1 टक्का असला, तरी प्रत्येक रेणूला सारखेच मोजणारी संख्या-सरासरी 1.01 लाखाच्या आसपास राहते आणि वस्तुमान-भारित सरासरी मात्र 1.99 लाखांवर जाते. दोन्ही आकडे बरोबरच असतात.

आकाराच्या बाबतीत गफलत आणखी वाढते, कारण लहान कणांनी विखुरलेल्या प्रकाशाची तीव्रता व्यासाच्या सहाव्या घाताच्या प्रमाणात असते. म्हणजे 100 नॅनोमीटरचा एक कण 10 नॅनोमीटरच्या दहा लाख कणांइतका प्रकाश विखुरतो. अल्ब्युमिनची हायड्रोडायनॅमिक त्रिज्या (द्रावणात तितक्याच वेगाने पसरणाऱ्या गोलाची त्रिज्या) साधारण 3.5 नॅनोमीटर असते. अहवालातली डीएलएसची (डायनॅमिक लाइट स्कॅटरिंग, म्हणजे विखुरलेल्या प्रकाशातील चढउतारांवरून आकार मोजण्याची पद्धत) झेड-सरासरी, म्हणजे तीव्रता-भारित सरासरी आकार, त्याहून कितीतरी मोठी होती. केवळ पहिले पान वाचणारा नमुना टाकूनच देईल. प्रत्यक्षात तीव्रतेच्या आलेखात 100 नॅनोमीटरजवळ दिसणारा दुसरा उंचवटा वस्तुमानाच्या आलेखात जवळजवळ नाहीसा होतो. रेणूंच्या गुठळ्या होत्या, पण अगदी नगण्य.

याच प्रयोगशाळेची एसईसी-मॅल्स चाचणी (स्तंभातून आकारानुसार वेगळ्या केलेल्या रेणूंनी विखुरलेला प्रकाश अनेक कोनांतून मोजणारी) महाग असली तरी आम्हाला अधिक उपयोगी वाटली. स्तंभातून रेणू वेगळे होऊन येत असल्यामुळे सुमारे 66 हजारांचा मोनोमर (सुटा रेणू) आणि त्याच्या दुप्पट वस्तुमानाचा डायमर (दोन रेणूंची जोडी) स्वतंत्रपणे दिसले. गणनेत वापरलेले डीएन/डीसीचे (संहतीनुसार द्रावणाचा अपवर्तनांक किती बदलतो त्याचे) मूल्य, 0.185 मिलिलिटर प्रति ग्रॅम, तळटीपेत दिले होते, हे विशेष आवडले. स्तंभाविना केलेल्या मोजमापात वस्तुमान या मूल्याच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलते, त्यामुळे तेथे 5 टक्क्यांची चूक उत्तरात सुमारे 10 टक्क्यांची होते. साध्या चाचणीच्या अहवालात नेमकी हीच नोंद गाळलेली आहे.

नमुना पाठवताना मागणीपत्रावरील शेऱ्याच्या रकान्यात सरासरीचा प्रकार, डीएन/डीसी आणि तीव्रता व वस्तुमान असे दोन्ही आलेख स्पष्ट शब्दांत मागून घ्यावेत. मागितल्यावर ते जादा शुल्क न आकारता देतात.