बेडकांचं मिस्टिंग मशीन: वर्षभराचा अनुभव (नोझलबद्दल जरा जास्तच)

बेडकांच्या पेटीत ठरल्या वेळी आपोआप पाण्याचं धुकं फवारणारं मशीन. पंप, दोन नोझल, काळी नळी, टायमर. खोक्यात काय येतं ते विकणाऱ्यांच्या पानावर असतंच, परत लिहीत नाही. मशीन गेल्या नोव्हेंबरात घेतलं, दीडशे पौंडांच्या आसपास पडलं. कंपनीचं नाव देत नाही, त्यांचा-माझा हिशोब आता मिटलाय. पण नोझलबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही.

आमच्याकडे दोन व्हाइट्स ट्री फ्रॉग आहेत, बंड्या आणि ठमी. जात मूळची ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीची, पण हे दोघे इंग्लंडातच जन्मलेले. पेटी काचेची, ४५ बाय ४५ आणि ६० सेंटीमीटर उंच. आम्ही लंडनजवळ स्लाऊला राहतो. थंडी पडून घराचं हीटिंग सुरू झालं की हवा अशी कोरडी होते की पेटीतला हायग्रोमीटर (आर्द्रता मोजायचा) दुपारी पस्तीस टक्क्यांवर येतो. या जातीला ५० ते ६० टक्के आर्द्रता पुरते, रात्री थोडी वर गेली तर उत्तम. मी आणि नवरा दोघंही नोकरीवाले, दिवसातून तीनदा फवारा कोण मारणार, म्हणून हे मशीन.

सुरुवातीचे दिवस खरंच मजेत गेले. पंपाचा आवाज अगदी कमी, धुकं बारीक, टायमर समजायला सोपा. आणि एका रात्री फवारा सुरू झाल्याबरोबर आमच्या ठमीने गळा फुगवून ‘क्रॉक क्रॉक क्रॉक’ असा जो सूर लावला, तो शेजारणीने भिंतीपलीकडून ऐकला. या जातीत असं ओरडतात ते नर. म्हणजे ठमी नव्हे, ठम्या. लेकीने नाव बदलायला साफ नकार दिलाय, त्यामुळे पुढेही ठमीच लिहिते.

अमरावतीहून सासूबाईंनी व्हिडिओ कॉलवर हे सगळं पाहिलं. म्हणाल्या, “आमच्याइकडे पाऊस यावा म्हणून लिंबाच्या पाल्यात बेडूक बांधून धोंडी काढतात, अन् तुम्ही बेडकासाठी पाऊस पाडता होय!” यावर नवऱ्याकडेही उत्तर नव्हतं.

जानेवारीत घोडं पेंड खायला लागलं ते नोझलपाशी. डाव्या नोझलच्या तोंडाभोवती पांढरं कडं धरलं आणि धुक्याच्या जागी एकच तिरकी चिळकांडी थेट दाराच्या काचेवर आपटायला लागली. उजवं नोझल पंप बंद झाल्यावरही थेंब थेंब गळत राहायचं. कारण उघड आहे. लंडन आणि आसपासच्या भागाचं पाणी चुनखडीच्या खडकांतून येतं. लिटरमागे २०० मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम कार्बोनेट असलं की इथे पाणी कठीण धरतात, आमचं त्याच्याही बरंच वर आहे. नोझलचं भोक मिलिमीटरच्याही अंशाएवढं. फवारा थांबला की तोंडाशी राहिलेला थेंब सुकतो आणि क्षार तिथेच बसतो. पुण्यात बोअरच्या पाण्यावर गीझर चालवलेल्या माणसाला याहून जास्त सांगायची गरज नाही. व्हिनेगरमध्ये अर्धा तास बुडवून, ब्रशने घासून, खळखळून धुतलं की नोझल चालतं. आठवडाभर. मग पुन्हा तेच कडं.

कस्टमर केअरने आधी व्हिडिओ मागितला. मग चांगल्या उजेडातला व्हिडिओ मागितला. मग कळवलं की कठीण पाण्याने झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही. माहितीपत्रकात पाण्याबद्दल एकच वाक्य आहे, ‘स्वच्छ पाणी वापरा’. नळाचं पिण्याचं पाणी स्वच्छ नाही असं म्हणायचं असेल तर तसं छापा. इथल्या २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यात पहिल्या सहा महिन्यांत निघालेला दोष विकतानाच होता असं धरलं जातं, नव्हता हे विकणाऱ्याने सिद्ध करायचं. एवढं एक वाक्य मेलमध्ये लिहिल्यावर भाषा एकदम मवाळ झाली आणि नवं मशीन आलं. संपूर्ण नवं! पंप, नळी, टायमर, सगळं. आणि तीच दोन नोझल. इथवर हे लिहिलं असतं तर एक तारा दिला असता.

पण मधे दुसरं घडलं. गळक्या नोझलखालचा कोपरा कायम ओला राहून तिथल्या नारळाच्या भुश्याला कुबट वास यायला लागला. बंड्या दिवसाही गडद तपकिरी दिसायचा आणि त्याच्या नेहमीच्या फांदीवर बसेना. थंडीत किंवा ताणात हे रंग बदलतात हे माहीत होतं, तरी बेडूक पाहणाऱ्या डॉक्टरकडे नेलं. (तिची फी विचारू नका, मशीन त्याहून स्वस्त आहे.) तिने तपासून संसर्ग नाही असं सांगितलं आणि लगेच विचारलं, “फवारा किती वेळा चालतो?” सतत ओल्या, कोंदट पेटीत जिवाणू माजतात आणि बेडकाची त्वचा आधी बिघडते. ही जात तर कोरडा ऋतू सोसणारी, ऑस्ट्रेलियात लोकांच्या संडासात आणि पाण्याच्या टाक्यांत मुक्काम ठोकणारी. धुकं लागतं ते पावसाळी जंगलातल्या जातींना.

भुसा फेकला, काही दिवस तळाला नुसते पेपर टॉवेल ठेवून रोज बदलले, फवारा रात्री एकदाच ठेवला. बंड्या हिरवा झाला आणि फांदीवर परतला. तेव्हापासून मशीनवरचा राग कमी झाला, कारण रोज तीनदा फवारा लागतो हेच मुळात खरं नव्हतं. रुंद, उथळ पाण्याचं भांडं जास्त कामाचं. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. भांड्यात बसतो आणि पोटाखालच्या कातडीतून शोषतो. म्हणून त्या भांड्यातलं पाणी रोज बदलायचं आणि त्यात क्लोरीन काढायचं औषध घालायचंच. नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवलं तर क्लोरीन उडतं, पण क्लोरामाइन (क्लोरीनचंच जास्त टिकणारं रूप) तसंच राहतं.

मशीनला आता आरओचं पाणी देते. मत्स्यालयाच्या दुकानात पंचवीस लिटरचा कॅन भरून मिळतो. खिडकीबाहेर इंग्लंडचा पाऊस कोसळतोय आणि मी पैसे मोजून पाणी गाडीत घालते आहे, हे काही मनाला पटत नाही. पण छपरावरून आलेल्या पाण्यात पक्ष्यांची घाण आणि पन्हळीचा धातू असतो, त्यामुळे इलाज नाही. भांड्यात मात्र आरओ नको, त्यात क्षारच नसतात आणि ते बेडकाच्या अंगातले क्षार ओढून घेतं. फवाऱ्याला आरओ, भांड्याला नळाचं. हे एक वाक्य माहितीपत्रकात छापलं असतं तर माझा निम्मा मनस्ताप वाचला असता.

नोझल शेवटी बाहेरून घेतली, स्टीलची, गळती थांबवणाऱ्या झडपेची. स्वस्तातली पितळी घेऊ नका, पितळेत तांबं असतं आणि तांबं बेडकांना विषारी. स्टीलच्या जोडीवर आरओच्या पाण्याने अजून एकही कडं धरलेलं नाही. मी रोज बघते. नवरा म्हणतो, बेडकांकडे बघ जरा.

बाकीचं थोडक्यात. दिवसा २५ ते २८ अंश, रात्री २० च्या खाली नाही. दिव्याला जाळी हवीच, नाहीतर हे गरम काचेला जाऊन चिकटतात. यूव्हीबी (अतिनील किरणांची) ट्यूब कंपनी सांगेल तेव्हा बदला, उजेड दिसतो म्हणून ती कामाची राहते असं नाही. रातकिड्यांना कॅल्शियमची पूड लावून द्यायचं, नाहीतर हाडं ठिसूळ होतात. जन्मात अंडंही न शिवलेला माझा नवरा त्या रातकिड्यांसाठी रोज गाजर किसतो. मोठ्या बेडकाला आठवड्यातून दोन-तीनदा खाणं बास. डोळ्यांवरची वळी लोंबायला लागली की समजा चरबी चढली आहे. पेटीतलं काढलेलं पाणी बागेत ओतू नका. किट्रिड बुरशीने जगभर बेडूक मारलेत आणि ती पाण्यातूनही पसरते.

हे मशीन घ्यावं का? रोजच्यासाठी, या जातीला, नाही. चार पौंडांची हाताची स्प्रे बाटली पुरते. ज्यांना दरवर्षी महिनाभर भारतात जायचं असतं त्यांनी घ्यावं, पण स्टीलच्या नोझलचे पैसे आधीच बाजूला ठेवून. आम्ही डिसेंबरात अमरावतीला निघतोय. आरओचे दोन कॅन आणायचेत, टायमर रात्री आठला लावायचा आहे. भांड्यातलं पाणी बदलायला शेजारीण रोज येणार आहे. रातकिड्यांचा डबाही तिलाच उघडायचा आहे, पण ते तिला अजून सांगितलेलं नाही.